सत्तावन्न आणि सहाशे ब्याण्णव

गॅरेजमध्ये आम्ही चौघं होतो. मधोमध लाकडी घोड्यांवर टाकलेली प्लायवुडची फळी, तिच्यावर पांढरं प्लास्टिक आणि त्यावर एल्कची, म्हणजे सांबरासारख्या मोठ्या हरणाची, मागची तंगडी. शेजारचा थोरला भाऊ हाडाच्या कडेकडेने सुरी फिरवत मांस सोडवत होता. धाकटा त्यावरचा चंदेरी पापुद्रा सोलत होता. थोरल्याची बायको तुकडे काट्यावर ठेवत होती, आणि मी ते मेणकागदात गुंडाळून, चिकटपट्टी मारून, वर मार्करने लिहीत होते: कुठला भाग, किती पौंड, कुठलं साल. दार अर्धं उघडं होतं. अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातलं आमचं गाव लॅरमी, तिथला ऑक्टोबरातला वारा खालून आत घुसत होता आणि त्याच्याबरोबर सेजब्रशच्या झुडपांचा कडवट वास. लोकांना वाटतो तसा रक्ताचा भपकारा अशा ठिकाणी नसतो. थंडीत टांगून ठेवलेल्या मांसाला एक लोखंडी, किंचित गोडसर वास असतो आणि साबणाने हात धुतले तरी तो बोटांच्या पेरांत राहतो. कोपऱ्यातल्या बर्फाच्या डब्यात एक पिशवी होती. तिच्यात त्या जनावराच्या गळ्यातल्या लसिका ग्रंथी. आमच्या भागातल्या हरणांत आणि एल्कमध्ये मेंदू पोखरणारा एक असाध्य रोग आहे, त्याच्या तपासणीसाठी त्या राज्याच्या गेम अँड फिश, म्हणजे वन्यजीव, खात्याकडे द्यायच्या होत्या. अहवाल येईपर्यंत हे मांस कोणी शिजवणार नव्हतं. बोलणं सावकाश चाललं होतं. बर्फ कधी पडेल, हायवे कधी बंद होईल, कोणाच्या ट्रकचं काय बिघडलं.

मग थोरला मान वर न करता म्हणाला, "तसा हा एल्क आमचा होता."

धाकट्याची सुरी थांबली. "आमचा म्हणजे?"

"इथे राहणाऱ्यांचा."

"आणि मी कुठला?"

कोणी काही बोललं नाही. थोरल्याच्या बायकोने पुढचा तुकडा काट्यावर ठेवला आणि आकडा जरा मोठ्यानेच वाचला. मी तो लिहून घेतला. काम पूर्ण झालं, मांसाची वाटणी झाली, धाकट्याने आपले खोके ट्रकमध्ये चढवले, थोरल्याने ते पट्ट्याने नीट आवळून दिले. निघताना दोघांनी एकमेकांच्या पाठीवर थाप मारली. पण तो प्रश्न त्या दिवसापासून माझ्या डोक्यात घर करून बसला आहे.

दोघे सख्खे भाऊ. जन्म रॉलिन्सचा, लॅरमीपासून पश्चिमेला शंभर मैलांवर. वडील रेल्वेत होते. बापाच्या मागून चालत दोघांनी एकाच डोंगरउतारावर पहिला एल्क मारला. पुढे धाकट्याला कोलोरॅडोत ग्रीलीला काम मिळालं, लग्न झालं, तो तिकडेच राहिला. लॅरमीहून कोलोरॅडोची हद्द गाडीने अर्ध्या तासावर आहे. रस्त्यावर ती कळतसुद्धा नाही. तेच गवत, तीच तारेची कुंपणं, वाऱ्याने तिरपी झालेली तीच झुडपं. पण त्या हद्दीपलीकडच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर हिरवे डोंगर असतात, म्हणून वायोमिंगची माणसं तिथल्यांना 'ग्रीनी' म्हणतात, आणि शिकारीच्या हंगामात तो शब्द प्रेमाने उच्चारला जात नाही. थोरल्याला एल्कचा परवाना सत्तावन्न डॉलरना मिळतो. धाकट्याला त्याच जनावरासाठी ६९२ डॉलर मोजावे लागतात, वर अर्जाचे वेगळे. ज्याला रांगेत पुढे सरकायचं असेल त्याच्यासाठी 'स्पेशल' नावाचा आणखी महाग परवाना आहे, तो १,९५० डॉलरचा.

थोरल्याचा राग पैशांवरून नव्हता. लॅरमी पीकच्या आसपासच्या डोंगरात मोठ्या शिंगांचे नर आहेत आणि तिथले टॅग, म्हणजे एकेक जनावर मारायचे परवाने, मोजकेच निघतात, सोडतीने. रहिवाशांची सोडत निव्वळ नशिबाची. मागच्या वर्षी लागली नाही म्हणून यंदा पुढे सरकलात, असं काही नाही. बाहेरच्यांना मात्र पॉइंट साठवता येतात. दरवर्षी ५२ डॉलर भरायचे, एक पॉइंट मिळतो, आणि बाहेरच्यांच्या कोट्यातले बरेचसे टॅग जास्त पॉइंटवाल्यांना आधी जातात. धाकट्याने वर्षानुवर्षं पॉइंट जमवले आणि यंदा त्याचं नाव निघालं. थोरल्याने तितकीच वर्षं अर्ज केले, त्याचं नाव अजून निघालेलं नाही. मे महिन्यात धाकट्याने आनंदाने फोन केला तेव्हा थोरला आमच्या अंगणात उभा होता. "छान झालं," तो म्हणाला. म्हणाला ते मनापासून, त्याबद्दल मला शंका नाही. मग फोन खिशात टाकून तो बराच वेळ आमच्या कुंपणाची एक हलणारी फळी हाताने दाबत राहिला.

त्याची बाजू मला कळते. सात हजार फुटांवरच्या या पठारावर राहणं सोपं नाही. नोव्हेंबरापासून एप्रिलपर्यंत वारा असा वाहतो की पार्किंगमध्ये गाडीचं दार दोन्ही हातांनी धरून उघडावं लागतं. हायवे ८० बंद झाला की दूध-भाजीचे ट्रक अडकतात. ज्या कामाचे सीमेपलीकडे दीडपट पैसे मिळतील ते काम माणसं इथे करतात, कारण इथे सकाळी उठून तासाभरात डोंगरात पोचता येतं. फ्रीझरमधला एल्क ही त्या राहण्याची कमाई आहे. आमच्या गल्लीत अशी घरं आहेत जिथे वर्षभर बाजारातून गोमांस आणलं जात नाही. मग सप्टेंबरात, नर एल्क शिट्टी घातल्यासारखे ओरडायला लागले की, सगळ्या पेट्रोलपंपांवर टेक्सास, मिनेसोटा, विस्कॉन्सिन, कोलोरॅडोच्या प्लेटा दिसू लागतात; महागड्या ट्रकमागे महागडे ट्रेलर. ज्या ओढ्याकाठी थोरला पोरपणापासून एकटा बसायचा तिथे आता चार तंबू असतात. हिवाळ्यात ही माणसं इथे नसतात, असं तो म्हणतो, आणि ते खरं आहे.

आता मी कोण, तेही सांगायला हवं. वायोमिंगच्या कायद्यात शिकारीपुरता रहिवासी म्हणजे सलग ३६५ दिवस इथे घर करून राहिलेला माणूस. नागरिकच असावा लागतो असंही नाही, कायदेशीरपणे राहणारा परदेशीही चालतो. मोंटानात हीच मुदत १८० दिवसांची आहे, कोलोरॅडोत सहा महिन्यांची. आम्ही नवऱ्याच्या विद्यापीठातल्या नोकरीमुळे इथे आलो. माझा पासपोर्ट आजही भारताचा आहे. मी बंदूक कधी हातात घेतलेली नाही आणि घ्यायची इच्छाही नाही. मांस मात्र आवडीने खाते, सावजी मसाला घालून एल्कचा रस्सा करते आणि शेजारी तो दोनदा मागून घेतात. तरी शिकारीचा सक्तीचा कोर्स करून मी अर्ज केला तर मला सत्तावन्न डॉलरच लागतील. रॉलिन्सच्या इस्पितळात जन्मलेल्या धाकट्याला ६९२. त्या टेबलाशी "आमचा" म्हणताना थोरल्याने मला वगळलं नव्हतं. मांस गुंडाळणारी मी त्याच्या लेखी इथली होते आणि पापुद्रा सोलणारा त्याचा भाऊ बाहेरचा होता. हे मला सुखावणारं वाटलं आणि त्याच क्षणी फार चुकीचंही वाटलं.

शिकार कोणाची, हा प्रश्न मी लहानपणी दुसऱ्या भाषेत ऐकला होता. माझे आजोबा नवेगावच्या बाजूला शाळामास्तर होते, गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होता. ते सांगायचे, थंडीत जंगलातल्या ब्लॉकचा परवाना काढून साहेब यायचे. आधी गोरे, मग आपल्यातले श्रीमंत, मग शिकार कंपन्यांनी आणलेले परदेशी पाहुणे. गावातल्या गोंड माणसांना हाकाऱ्याला बोलवायचे. डबे, ढोल, काठ्या घेऊन ही माणसं रान हलवत पुढे जायची, जनावर मचाणाकडे ढकलायची. रोजाचे थोडे पैसे मिळायचे, कधी सांबर पडलं तर मांसाचा वाटा. त्याच माणसाने एरवी स्वतःच्या भांड्यासाठी ससा किंवा भेकर धरलं तर गार्ड त्याला ठाण्यात न्यायचा. जंगल कोणाचं हे ज्याला पायाने ठाऊक होतं त्याच्याकडे परवाना नव्हता, आणि परवाना होता त्याला वाट दाखवायला हाच माणूस लागायचा. आजोबा हे सांगताना आवाज चढवत नसत, पण दरवेळी एवढं म्हणून थांबत, "हाकाऱ्याचं नाव कोणत्याच रजिस्टरात नव्हतं." १९७० मध्ये वाघाची शिकार बंद झाली, १९७२ मध्ये वन्यजीव कायदा आला आणि आमच्याकडचा तो अध्याय कागदावर तरी संपला. इथे तो चालू आहे, आणि चालू राहावा असं मलाही वाटतं. शिकारीच्या परवान्यांवर आणि बंदुका-काडतुसांवरच्या १०-११ टक्के करावर इथला वन्यजीव विभाग मुख्यतः उभा आहे, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संपत आलेले एल्क एकट्या वायोमिंगमध्ये आज लाखाच्या वर आहेत.

या पैशांतच पहिली गाठ आहे. वायोमिंगची वस्ती सहा लाखांच्या आतबाहेर. सत्तावन्न-सत्तावन्न डॉलरांनी खातं चालत नाही. परवान्यांच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा बाहेरून येणारे भरतात. म्हणजे थोरल्याच्या स्वस्त टॅगची किंमत धाकटा भरतो, अगदी शब्दशः. दोघांच्या दरात एवढी तफावत चालते का, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच तपासलं. शेजारच्या मोंटानात तेव्हा रहिवाशाला एल्कचा परवाना ९ डॉलरना होता आणि बाहेरच्याला २२५ डॉलरचा जोड-परवाना घ्यावाच लागे. न्यायालयाने म्हटलं, चालतं. एल्कची शिकार हा छंद आहे, पोटापाण्याचा मूलभूत हक्क नव्हे, आणि जनावरांची काळजी राज्य घेतं तर ते आपल्या माणसांना झुकतं माप देऊ शकतं. थोरल्याच्या फ्रीझरकडे बघितलं की 'छंद' हे काही मला पटत नाही, पण निकालाचा दुसरा भाग पटतो. जो डोंगराच्या पायथ्याशी राहतो, आग लागली की विझवायला जातो, रस्त्यावर मेलेलं हरीण ओढून बाजूला करतो, त्याला आधी मिळावं. यात गैर काही नाही.

पण "आधी" किती? रानमेंढ्या, मूस नावाची थोराड हरणं आणि डोंगरी बकऱ्या यांच्या टॅगची वाटणी २०२३ पासून नव्वद-दहा झाली: रहिवाशांना नव्वद टक्के, बाहेरच्यांना दहा. त्याआधी बाहेरच्यांना पाव किंवा पाचवा हिस्सा मिळत असे. एल्कमध्ये अजून चौऱ्याऐंशी-सोळा आहे, आणि आमच्या गल्लीतल्या बऱ्याच जणांना तिथेही नव्वद-दहा हवं आहे. विरोध करतात ते आउटफिटर: घोडे, तंबू, स्वयंपाकी घेऊन पाहुण्यांना डोंगरात नेणारे व्यावसायिक. तेही इथलेच, त्यांची पोरं आमच्या पोरांच्या शाळेत. पाहुणे कमी झाले तर घोडे विकावे लागतील, असं त्यातल्या एकाने मला शाळेच्या जिममध्ये बास्केटबॉलच्या मॅचला सांगितलं. त्याच्या तळहाताला दोराचे घट्टे होते.

याच आउटफिटरांच्या सोयीचा एक कायदा आहे, तो मला सगळ्यात जास्त खुपतो. केंद्र सरकारने 'विल्डरनेस' म्हणून राखलेल्या जंगलात बाहेरच्या माणसाला वायोमिंगमध्ये मोठ्या जनावराची शिकार गाईडशिवाय करता येत नाही. तो तिथे चालू शकतो, तंबू ठोकू शकतो, ट्राउट मासे धरू शकतो, अस्वलांमध्ये एकटा झोपू शकतो. एल्कवर बंदूक रोखायची तर मात्र सोबत पगारी गाईड हवा, नाहीतर रहिवासी माणूस, ज्याला त्यासाठी फुकट परवाना मिळतो. आमच्या मेडिसिन बो जंगलात असे चार पट्टे आहेत: सॅव्हेज रन, प्लॅट रिव्हर, ह्यूस्टन पार्क, एन्कॅम्पमेंट रिव्हर. धाकट्याने पोरवयात वडिलांबरोबर ह्यूस्टन पार्कची प्रत्येक घळ पायाखाली घातली आहे. आज तिथे शिकारीला जायचं तर थोरल्याने सरकारकडून कागद काढून त्याचा गाईड व्हायला हवं. एकदा तसं झालंही. वाटेत एका ठिकाणी थोरला चुकला, आणि रस्ता धाकट्याने काढून दिला. ही गोष्ट थोरल्याच्या बायकोने सांगितली; दोघा भावांपैकी कोणी सांगितली नाही. जंगल केंद्राचं, म्हणजे कायद्याने अख्ख्या देशाचं. सुरक्षेसाठी असता तर हा नियम चालणाऱ्यांनाही लागू झाला असता. तो रद्द व्हायला हवा, असं माझं स्वच्छ मत आहे.

पण माझं मन खरं हललं ते एल्क माउंटनपाशी.

लॅरमीहून रॉलिन्सला जाताना डाव्या हाताला तो एकटा डोंगर दिसतो, अकरा हजार फुटांच्या वरचा, माथ्यावर बहुधा ढग अडकलेला. त्याचं बरंचसं अंग सुमारे २२ हजार एकरांच्या एका खाजगी रँचने, म्हणजे गुरं पाळायच्या विस्तीर्ण जमिनीने, वेढलं आहे. ही भानगड १८६० च्या दशकातली आहे. रेल्वे टाकायच्या मोबदल्यात सरकारने युनियन पॅसिफिकला रुळांच्या दोन्ही बाजूंना वीस-वीस मैलांपर्यंत एकाआड एक चौकोन जमीन दिली, प्रत्येक चौकोन ६४० एकरांचा. विषम आकड्यांचे रेल्वेला, सम आकड्यांचे सरकारकडे. नकाशावर बुद्धिबळाचा पट. रेल्वेचे चौकोन पुढे विकले गेले, सरकारचे अजून सगळ्या जनतेचे आहेत, पण त्यांना एकमेकांशी जोडणारी जागा म्हणजे फक्त कोपऱ्याचा बिंदू. एका सरकारी चौकोनातून दुसऱ्यात पाऊल टाकताना शेजारच्या खाजगी जमिनीवरच्या हवेतून क्षणभर खांदा जातो. ते अतिक्रमण का? हे दीडशे वर्षं कोणीच नीट ठरवलं नव्हतं. अमेरिकेच्या पश्चिमेत असे कोपऱ्यांनी अडकलेले सार्वजनिक एकर सुमारे ८३ लाख आहेत.

२०२१ मध्ये मिसूरीहून चार शिकारी आले. आदल्या वर्षी त्यांच्यातल्या काहींना कोपऱ्यावर दोन खांब, मधे साखळी आणि पाट्या आढळल्या होत्या. तेव्हा ते खांबाला धरून वळसा घालून गेले होते. या वेळी त्यांनी एक शिडी करून आणली. सरकारी जमिनीवर एक पाय, पलीकडच्या सरकारी जमिनीवर दुसरा. खाजगी मातीला बूट लागलाच नाही. त्यांच्यावर खटला भरला गेला. एप्रिल २०२२ मध्ये रॉलिन्समधल्या ज्युरीने, म्हणजे तिथल्या कार्बन काउंटीच्याच (जिल्ह्याच्याच) माणसांनी, त्यांना निर्दोष सोडलं. त्याआधीच रँचच्या मालकाने दिवाणी दावाही लावला होता. मालमत्तेची किंमत घटली म्हणून नुकसान सत्तर लाख डॉलरहून जास्त आहे, असं त्याचं म्हणणं. २०२३ मध्ये जिल्हा न्यायालयाने आणि मार्च २०२५ मध्ये दहाव्या सर्किटच्या (वायोमिंग ज्यात येतं त्या न्यायविभागाच्या) अपील न्यायालयाने शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. त्याला आधार घेतला १८८५ च्या कायद्याचा, जो गुरांचे बडे मालक सरकारी गवताला कुंपण घालत होते म्हणून झाला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने अपील ऐकायला नकार दिला. मोंटाना वेगळ्या सर्किटमध्ये येत असल्याने तिथला प्रश्न अजून लटकलेलाच आहे.

आता यातली माणसं बघा. शिकारी मिसूरीचे, बाहेरचे. मालक नॉर्थ कॅरोलायनाचा, औषधांच्या धंद्यातला श्रीमंत माणूस, तोही बाहेरचाच. आणि त्या बाहेरच्या चौघांच्या वकिलांसाठी पैसे गोळा करायला पुढे झाली ती बॅककंट्री हंटर्स अँड अँगलर्स या संस्थेची वायोमिंग शाखा. आमच्या थोरल्याने त्यात पैसे घातले. ग्रीनींवर चिडणारा, पेट्रोलपंपावर मिनेसोटाची प्लेट दिसली की तोंड फिरवणारा हा माणूस मिसूरीच्या अनोळखी पोरांसाठी चेक लिहून आला. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "त्यांनी ते माझ्यासाठीही केलं ना."

एल्कची वाण नाही. कित्येक भागांत खात्याच्या ठरवलेल्या आकड्यापेक्षा ते जास्तच आहेत. गोळीबार सुरू झाला की कळप दोन-तीन दिवसांत शिकायला लागतात आणि जिथे कोणी येत नाही त्या खाजगी गवतावर जाऊन बसतात. रस्त्यावरून दुर्बिणीतून दिसतात, तीनशे-तीनशेचे कळप, बर्फावर तपकिरी डाग. तिथे जायचं तर रँचला हजारो डॉलर द्या. तेवढे ना थोरल्याकडे आहेत ना धाकट्याकडे. रँचवाल्यांनाही मी सरसकट नावं ठेवणार नाही. त्या कळपांना हिवाळाभर पोसतो त्यांचाच चारा, गवताच्या गंजी एका रात्रीत उधळल्या जातात, गुरांना एल्कपासून रोग लागायची धास्ती असते, आणि गोमांसाच्या भावावर घर चालत नाही तेव्हा शिकाऱ्यांचे पैसे त्या घराला तारतात. पण जे रँच असं घर म्हणून चालतं आणि जे दूरच्या कोणा धनवंताने डोंगरासकट घेऊन बंद केलं, या दोन्हींत फरक आहे. टॅगांच्या वाटणीवरून भाऊ-भाऊ भांडतात, त्या वेळात दार बंद करणाऱ्याकडे कोणाचंच लक्ष जात नाही.

आणखी मागे गेलं तर "इथला" हा शब्दच हातातून निसटतो. १८९५ मध्ये वायोमिंगमधल्या जॅक्सन होल खोऱ्यातल्या गोऱ्या वस्तीकरांनी बॅनॉक या मूळच्या आदिवासी जमातीच्या शिकारी टोळ्यांना पकडलं, त्यात एक म्हातारा मारला गेला. हे वस्तीकर नुकतेच आलेले होते आणि पूर्वेकडच्या श्रीमंत शिकाऱ्यांना वाट दाखवण्यावर त्यांची कमाई सुरू झाली होती. पाहुण्यांसाठी एल्क राखायचे तर बॅनॉक नकोत. बॅनॉकांची राखीव जागा आयडाहोत, म्हणजे तेही आजच्या हिशेबाने बाहेरचे. त्यांच्यातल्या रेस हॉर्स नावाच्या माणसावर सात एल्क मारल्याचा खटला झाला आणि १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, १८६८ च्या तहाने दिलेला शिकारीचा हक्क वायोमिंग राज्य झालं त्याबरोबर संपला. राज्य होऊन तेव्हा जेमतेम सहा वर्षं झाली होती. पुढे २०१४ मध्ये क्रो या दुसऱ्या आदिवासी जमातीचे काही जण मोंटानातल्या आपल्या राखीव जागेतून एल्कच्या मागावर निघाले, हद्द ओलांडून वायोमिंगमधल्या बिगहॉर्नच्या सरकारी जंगलात आले आणि तिथे त्यांनी एल्क मारले. बेकायदा शिकारीचा खटला, दंड, सगळं झालं. 'हरेरा विरुद्ध वायोमिंग' या नावाने तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०१९ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने म्हटलं, क्रोंचा तह जिवंत आहे, राज्य झाल्याने तो मरत नाही. मी तो निकाल वाचला त्या रात्री मला आजोबांचा हाकारा आठवला. इथे त्याचं नाव निदान एका खटल्यावर आलं.

मोंटानाच्या कायद्यात एक सुंदर गोष्ट आहे. तिथे जो पूर्वी राहून शिकार करत होता, पुढे परराज्यात गेला, पण ज्याचं घरचं माणूस अजून तिथे आहे, त्याच्यासाठी वेगळा परवाना असतो. त्याचं नाव 'कम होम टू हंट'. घरच्याने हमी द्यायची, की हा आमचा. सासरी गेलेल्या मुलीला माहेरी चार दिवस हक्काने राहू द्यावं, तसा हा परवाना. तो तिथे लोकांना आवडतो, गेलेली पोरं नोव्हेंबरात आईवडिलांकडे येतात. वायोमिंगमध्ये एल्कसाठी असं काही नाही. धाकटा ग्रीलीच्या दुसऱ्या कुठल्याही माणसाइतकाच परका, आणि तो ज्या राज्याला दरवर्षी पैसे भरतो तिथे त्याला मत नाही. मला तर या देशात कुठेच नाही. आम्ही दोघं या प्रश्नावर बोलू शकतो, आमच्या वतीने हात वर करू शकतो तो थोरला.

म्हणून थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी मी त्याला गाठलं. रोगाचा अहवाल आला होता, मांस चांगलं होतं, तो गॅरेजमधलं टेबल मोडून ठेवत होता. विधिमंडळात आपल्या प्रतिनिधीला लिही म्हटलं, विल्डरनेसचा गाईड-कायदा काढा आणि मोंटानासारखा परवाना आणा. पहिल्यावर तो लगेच हो म्हणाला. दुसऱ्यावर बराच वेळ टेबलाच्या लाकडी घोड्यांचे पाय दुमडत राहिला. "भावासाठी सही करेन," तो म्हणाला, "पण त्याचा टॅग आमच्या चौऱ्याऐंशीतून नको. बाहेरच्यांच्या सोळातून द्या." मी म्हटलं, मग तो बाहेरचाच राहिला ना. तो म्हणाला, "ज्याला वारा सोसावा लागत नाही त्याने थोडं थांबावं."

मला ते मान्य नाही, आणि त्याला मी तसं सांगितलं. घरच्याचा वाटा घरच्यांतूनच निघायला हवा, नाहीतर तो नुसता शेजाऱ्याच्या ताटातून काढून दिलेला घास होतो. तो म्हणतो, मला इथे अजून दहा हिवाळे काढू दे, मग बोलू. आमचं पत्र सध्या गाईड-कायद्यापुरतंच लिहून झालं आहे. खाली त्याची सही आहे, त्याच्या बायकोची आहे. परवान्याचा परिच्छेद मी लिहून वेगळा ठेवला आहे, आणि तो घेऊन मी पुन्हा त्याच्याकडे जाणार आहे.